आर्किटेक्चर आणि ग्राफिक डिझाइनचे स्टुडंट प्रोजेक्ट्स एका पोर्टफोलिओत कसे मांडायचे: गोळा करण्यापासून प्रिंटपर्यंत

माझा पहिला पोर्टफोलिओ मी एका रात्रीत केला होता. सबमिशनच्या सगळ्या ए१ शीट्स पीडीएफमध्ये होत्याच, त्या एकामागोमाग एक ए४ पानांवर टाकल्या, पुढे नाव, मागे फोन नंबर, झालं. इंटरव्ह्यूला समोर बसलेल्या आर्किटेक्टने तिसऱ्या पानावर थांबून चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि जिन्यावर बोट ठेवून विचारलं, "हा वर जातोय की खाली?" बाण होता तिथे, मी स्वतः काढलेला, पण तो ए१ शीटवर भिंतीला लावून चार फुटांवरून बघायला काढला होता, ए४ वर त्याचं काहीच उरलं नव्हतं. तीन महिने ज्या प्रोजेक्टवर घालवले तो समोरच्याला वाचताच आला नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट मी ज्युनियर्सना सांगत आलीये, की ज्युरीची, म्हणजे कॉलेजात परीक्षकांसमोर भिंतीला लावून दाखवलेली शीट पोर्टफोलिओत तशीच जात नाही. प्रोजेक्ट तोच, पण त्याची मांडणी नव्याने करावी लागते, बरीचशी ड्रॉइंग्ज परत काढावी लागतात, आणि हे काम कॉलेजच्या एखाद्या छोट्या प्रोजेक्टइतकंच मोठं आहे. दीड-दोन महिने हातात धरून चाला. आता क्रमाने सांगते.

आधी सगळं एका जागी आणा

लॅपटॉपवर एक फोल्डर करा, आत प्रत्येक प्रोजेक्टचा वेगळा, आणि त्यात मूळ फाइल्स, एक्सपोर्ट केलेल्या इमेजेस, हाताची स्केचेस, मॉडेलचे फोटो असे चार भाग. मूळ फाइल म्हणजे कॅडची, थ्रीडीची, इलस्ट्रेटरची, जिच्यात अजून बदल करता येतो ती. फक्त जेपेग उरलं असेल तर त्या प्रोजेक्टचं काम दुप्पट वाढलं हे आत्ताच समजून घ्या, कारण तो प्लॅन परत ट्रेस करायला लागणार.

ग्रुप प्रोजेक्टच्या फाइल्स मित्रांकडून मागवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून मागवू नका, ते दाबून बारीक झालेले येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणायचं किंवा ड्राइव्हवर टाकायला सांगायचं.

बटर पेपरवरची स्केचेस फेकली नसतील तर ती सोनं आहेत. स्कॅन करताना मागे पांढराशुभ्र कागद ठेवा, ३०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) ग्रेस्केलमध्ये घ्या, स्केच छोटं असून मोठं छापायचं असेल तर ६००. मग फोटोशॉपमध्ये लेव्हल्स उघडून पांढऱ्याचा स्लायडर इतकाच आत घ्या की कागद पांढरा होईल पण पेन्सिलीची हलकी रेघ मरणार नाही. पुष्कळ जण इथे इतकं स्वच्छ करतात की हाताचं ड्रॉइंग प्रिंटरमधून आल्यासारखं दिसायला लागतं, खोडलेल्या रेघा, दोनदा गिरवलेली भिंत, कडेला लिहिलेली मापं हे सगळं राहू द्या, विचार तिथेच दिसतो.

मग निवडा, आणि निर्दयपणे निवडा

दोन्ही विषय मिळून पाच-सहा प्रोजेक्ट्स, पंचवीस-तीस पानं. याहून जास्त पानं घालायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता, पण बघणारा माणूस पहिल्यांदा भराभर पानं उलटतो आणि जे आवडलं तिथे परत येतो, त्यामुळे कमजोर प्रोजेक्ट आत असला की तो शेजारच्या चांगल्यालाही खाली खेचतो.

निवडताना मार्क बघू नका. एका कागदावर प्रोजेक्टची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर फक्त एवढंच, की यातून माझं असं काय दिसतं जे बाकीच्यांतून दिसत नाही. एकातून उताराची साइट हाताळणं दिसेल, एकातून बांधकामाचं डिटेलिंग, एकातून अक्षरांची समज, एकातून लोकांशी बोलून केलेला अभ्यास. दोन प्रोजेक्ट्ससमोर तेच वाक्य आलं तर एक काढायचा. पहिल्या वर्षाचं काम बहुतेक वेळा बाहेरच जातं, अपवाद म्हणजे एखादं हाताचं ड्रॉइंग जे आज काढलं तरी तितकंच चांगलं काढाल असं वाटतं.

प्रत्येक प्रोजेक्टचं एक वाक्य लिहा, पान उघडायच्या आधी

हे जमलं नाही तर पुढचं काहीच जमत नाही, म्हणून इथे थांबा. "जागा आणि माणूस यांच्यातल्या नात्याचा शोध" असलं वाक्य कुठल्याही प्रोजेक्टखाली चालेल, म्हणजे ते कुठल्याच प्रोजेक्टचं नाही. त्याऐवजी समजा उतारावरचं वाचनालय आहे, तर असं लिहा: "साइटला चार मीटरचा उतार होता, तो भरून सपाट न करता वाचायच्या जागा पायऱ्यांसारख्या उतारावरच बसवल्या, त्यामुळे मागच्या टेबलालाही वरच्या खिडकीचा उजेड मिळतो."

आता बघा, या वाक्याने अर्धी निवड करून टाकली. उतार आणि उजेड दोन्ही सेक्शनमध्येच, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्येच दिसतात, म्हणजे सेक्शन सगळ्यात मोठा, दोन पानांवर आडवा पसरलेला. प्लॅन दुसऱ्या नंबरला. चारही बाजूंची एलिव्हेशन्स, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजूंची ड्रॉइंग्ज गेली, कारण वाक्यात त्यांच्याबद्दल काही नाही. साइट ॲनालिसिसच्या सहा डायग्रॅमपैकी उताराचा एकच राहिला. एक रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं फोटोसारखं चित्र ठेवा, आतला, टेबलावर बसून दिसेल त्या उंचीवरून. आकाशातून काढलेला रेंडर मी शक्यतो टाळते, तिथून इमारत कोणीच बघत नाही.

ड्रॉइंग परत काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं

ए१ ची ए४ केली की प्रत्येक माप साधारण ३५ टक्क्यांवर येतं. म्हणजे शीटवर अडीच मिलिमीटरचं अक्षर पानावर एक मिलिमीटरपण राहत नाही, आणि १:१०० चा प्लॅन होतो जवळपास १:२८३, असा स्केल जगात कोणी वापरत नाही. तरीही खाली "स्केल १:१००" तसंच राहून जातं आणि समोरचा अनुभवी असेल तर त्याला ते लगेच कळतं.

म्हणून आधी पानाचा हिशोब करा. तीस मीटर लांबीची इमारत १:१०० ला ३० सेंटिमीटर होते, आडव्या ए४ ची लांबी २९.७, म्हणजे मावत नाही. १:२०० ला १५ सेंटिमीटर, निवांत बसते, बाजूला दोन ओळी लिहायलाही जागा उरते. मग कॅडमधून १:२०० ला नव्याने प्लॉट करा आणि त्या स्केलला जे वाचता येत नाही ते लेयर बंद करून काढून टाका: मापं, फ्लोरिंगच्या रेघा, दरवाज्यांचे नंबर, कमोडच्या आतली वळणं. फर्निचर ठेवा पण साधं करून. आकड्यात स्केल लिहाच, सोबत पट्टीसारखा ग्राफिक स्केलही द्या, कारण पीडीएफ कोणी मोबाइलवर बघेल, कोणी लहान करून प्रिंट काढेल, आकडा खोटा पडतो, पट्टी पडत नाही.

लाइनवेटचं, म्हणजे रेघांच्या जाडीचं गणित फार सुंदर आहे. ए सिरीजच्या कागदाच्या बाजूंचं प्रमाण १ ला दोनाचं वर्गमूळ, म्हणजे १:१.४१४ असतं, म्हणून कागद मधोमध दुमडला तरी प्रमाण तेच राहतं. टेक्निकल पेनांच्या जाड्या पण ह्याच पटीत ठरवल्यात: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर. कागद एक पायरी खाली आणला, ए३ चा ए४ केला, की ०.५ ची रेघ ०.३५ ची होते, म्हणजे बरोबर पुढचं पेन. पण ए१ वरून ए४ वर आपण तीन पायऱ्या उतरतो, तेव्हा कापलेल्या भिंतीची ०.५ ची रेघ ०.१८ वर येते आणि जी आधीच ०.१८ होती ती ०.०६ च्या आसपास, म्हणजे संपलीच. माझा जिन्याचा बाण असाच गेला होता.

ए४ साठी मला जमलेलं गणित असं: कापलेली भिंत आणि स्लॅब ०.३५ किंवा सरळ काळी भरलेली, समोर दिसणाऱ्या कडा ०.१८, फर्निचर आणि झाडं ०.१३, आणि फरशीच्या रेघा हव्याच असतील तर ०.१३ च पण काळ्याऐवजी राखाडी. तीन जाड्या पुरतात. सेक्शनमध्ये जमीन भरून टाका, मग इमारत जमिनीवर बसलेली दिसते, नाहीतर ती हवेत लटकते.

अजून दोन गोष्टी ज्या सगळे विसरतात. सगळ्या मजल्यांचे प्लॅन एकाच दिशेने ठेवा, एक उत्तर वर आणि दुसरा फिरवून असं केलं की वाचणाऱ्याच्या डोक्यातली इमारत मोडते. आणि सेक्शन कुठून कापलाय ती खूण प्लॅनवर ठेवा, छोटी का होईना.

मॉडेलचे फोटो

मॉडेल तुटायच्या आधी काढा हा पहिला नियम. मोबाइल पुरतो, १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेल असतो आणि ३०० डीपीआयला छापला तर ३३ सेंटिमीटरहून जास्त लांब येतो, म्हणजे ए४ चं अख्खं पान भरूनही उरतो. अडचण उजेडाची आणि कोनाची असते. खोलीतला ट्यूबलाइट बंद करा, मॉडेल खिडकीजवळ टेबलावर घ्या, मागे राखाडी किंवा काळा मोठा कागद भिंतीवरून टेबलावर वळवून आणा म्हणजे मागे कोपऱ्याची रेघ येत नाही. उजेड एकाच बाजूने येऊ द्या, दुसऱ्या बाजूला पांढरा फोमबोर्ड उभा केला की सावली मऊ होते.

मोबाइल मॉडेलला चिकटवू नका, लेन्स वाइड असते, भिंती वाकड्या दिसतात. तीन-चार पावलं मागे जा आणि दुप्पट झूम लावा. आणि लेन्स खाली आणा, मॉडेलच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत. फोमबोर्डचं साधं मॉडेल पण तिथून खरी जागा वाटायला लागतं, पहिल्यांदा करून बघाल तेव्हा लक्षात येईल, मी तर तासभर नुसती एका दारातून आत बघत बसले होते.

ग्राफिकचे प्रोजेक्ट्स

आर्किटेक्चरवाल्यांची इथे एक ठरलेली चूक होते, लोगो काढला की तो कप, टी-शर्ट, पिशवी, होर्डिंग असा दहा मॉकअपवर, म्हणजे वस्तूंच्या तयार फोटोंवर चिकटवायचा आणि चार पानं भरायची. ते मॉकअप फुकट मिळतात हे बघणाऱ्यालाही माहीत असतं. त्याऐवजी एक पान करा ज्यावर तोच लोगो खूप मोठा, मग व्हिजिटिंग कार्डाएवढा, मग ब्राउझरच्या टॅबमध्ये असतो तसा १६ पिक्सेलचा, आणि एकदा निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. छोट्या आकारात बारीक भाग भरून जात होता म्हणून तुम्ही तो कसा उघडला हे तिथे दोन ओळींत लिहा. हे एक पान दहा कपांपेक्षा जास्त बोलतं.

पोस्टर असेल तर छापून त्याचा फोटो काढा, भिंतीवर लावलेला, शेजारी माणूस उभा, म्हणजे आकार कळतो. पुस्तकाचं किंवा मासिकाचं लेआउट केलं असेल तर एक उघडं पान जवळून दाखवा, अक्षरं वाचता येतील इतकं जवळून, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच पानावर ग्रिडच्या रेघा चढवून. टाकून दिलेले पर्यायही ठेवा, पण तीनच, आणि प्रत्येकाखाली का टाकला ते. चाळीस स्केचेसची गोधडी केली की कोणी एकही बघत नाही.

इथे रंगाचं एक सांगून ठेवते. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, छपाई शाईने, त्यामुळे आरजीबीमधला, म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीतला झगझगीत हिरवा आणि चमकदार निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत मळकट होतो. ज्या प्रोजेक्टचा जीव अशा रंगात आहे त्याचं एक पान आधी छापून बघा आणि छपाईच्या फाइलमध्ये तो रंग हाताने जमवून घ्या, सॉफ्टवेअरवर सोडू नका.

दोन्ही विषय एकत्र कसे ठेवायचे

"आधी आर्किटेक्चर, मग शेवटी इतर कामं" असे दोन डबे केले की ग्राफिकचं काम छंदासारखं दिसतं. आणि हे दोन विषय वेगळे आहेत असं तरी कुठेय? आर्किटेक्ट पीटर बेरेन्स १९०७ पासून जर्मनीतल्या एईजी या विजेची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचा कला सल्लागार होता, त्याने बर्लिनमधला टर्बाइनचा कारखाना डिझाइन केला, तो १९०९ चा, आणि त्याच कंपनीचं बोधचिन्ह, कॅटलॉग, विजेच्या किटल्यासुद्धा त्यानेच. ग्रोपियस, मीस आणि ल कॉर्ब्युझिए हे पुढे जगभर गाजलेले तिघं आर्किटेक्ट तरुणपणी त्याच्याच ऑफिसात काम करून गेले. पुढे बाउहाउस या जर्मनीतल्या डिझाइन शाळेतून शिकलेला माक्स बिल पण आर्किटेक्ट आणि ग्राफिक डिझायनर दोन्ही होता.

तर, तुमच्याकडे असा एखादा प्रोजेक्ट शोधा जो दोन्हीकडे पाय ठेवून आहे. दिशादर्शक पाट्यांचा प्रोजेक्ट असेल तर उत्तमच, हॉस्पिटलसारख्या इमारतीत माणूस कुठे गोंधळतो ते प्लॅनवर दाखवायचं आणि तिथे कुठली पाटी, किती उंचीवर, किती मोठ्या अक्षरात लागली ते ग्राफिकमध्ये. प्रदर्शनाची मांडणी, दुकानाची ओळख आणि आतली रचना हेही चालेल. हा प्रोजेक्ट मधोमध ठेवा, पुलासारखा. सगळ्यात दमदार प्रोजेक्ट पहिला, दुसऱ्या नंबरचा शेवटी.

पान, ग्रिड, अक्षरं

आडवं ए४ घ्या, स्क्रीनवर पण नीट बसतं. सगळ्या पानांना एकच ग्रिड, म्हणजे मजकूर आणि चित्रं बसवायच्या अदृश्य रेघांची चौकट, समजा बारा कॉलमची, म्हणजे दोन, तीन, चार भाग कसेही पाडता येतात. समास आतल्या बाजूला जास्त ठेवा, चिकटवलेल्या बाइंडिंगमध्ये आतला सेंटिमीटरभर भाग घडीत जातो. सेक्शन दोन पानांवर पसरवणार असाल तर जिना किंवा दरवाजा त्या घडीत येणार नाही असा सरकवून घ्या.

फॉन्ट एक, फार तर दोन. मजकूर ९ पॉइंट, ड्रॉइंगवरची नावं ७ च्या खाली नको. ओळ पंचाहत्तर अक्षरांहून लांब गेली की डोळा पुढची ओळ चुकतो, तेव्हा मजकूर पानभर आडवा ताणू नका. देवनागरी मजकूर असेल तर ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं, वर वेलांट्या आणि खाली उकार दोन्हीकडे जागा खातात. इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, जोडाक्षरं तुटून दिसत असतील तर फॉन्टला दोष देऊ नका, पॅराग्राफ सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतं.

पांढरी जागा सोडायला घाबरू नका, एवढंच.

श्रेय

ग्रुपचं काम असेल तर किती जण होते आणि त्यात तुम्ही नेमकं काय केलं ते त्याच पानावर लिहा: "चौघांचा प्रोजेक्ट, सेक्शन, मॉडेल आणि पाट्यांचं डिझाइन माझं." इंटरव्ह्यूला प्रश्न येणारच आहे, आणि डिझाइनची दुनिया छोटी असते, तुमच्या ग्रुपमधला दुसरा कोणी तोच प्रोजेक्ट घेऊन त्याच टेबलासमोर बसलेला असू शकतो. रेंडर बाहेरून करून घेतला असेल, एआयने बनवलेली इमेज असेल, फॉन्ट कोणाचा वापरला असेल, तेही लिहा.

एक्सपोर्ट आणि छपाई

दोन पीडीएफ लागतात. एक पाठवायची, स्प्रेड्समध्ये म्हणजे समोरासमोरची पानं जोडलेली, आरजीबीमध्ये, इमेजेस १५० पीपीआयच्या आसपास, आणि साइज १० एमबीच्या आत बसवा. जीमेलला २५ एमबीपर्यंत अटॅचमेंट जाते, पण समोरच्याच्या मेलबॉक्सची मर्यादा कमी असू शकते. इनडिझाइनचा स्मॉलेस्ट फाइल साइज प्रिसेट डोळे मिटून वापरू नका, तो इमेजेस इतक्या दाबतो की बारीक रेघा असलेल्या स्कॅनची वाट लागते. आणि कॅडची ड्रॉइंग्ज पानावर पीडीएफ म्हणूनच ठेवा, जेपेग करून नाही, म्हणजे कितीही झूम केलं तरी रेघ धारदार राहते. फक्त हॅचमध्ये, म्हणजे एखादा भाग रेघांनी भरलेला असतो त्यात, हजारो रेघा असतील तर फाइल अडकत अडकत उघडते, तेवढं एक ड्रॉइंग इमेज केलेलं बरं.

दुसरी छपाईची: सुटी पानं, ३०० पीपीआय, सीएमवायके, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेला भाग. मधे पिन मारून बाइंडिंग करणार असाल तर एकूण पानं चारच्या पटीत हवीत, २८ चालतील, ३० नाही. कागद मॅट घ्या, ग्लॉसीवर दिवा चमकतो आणि काळ्या सेक्शनमधलं काही दिसत नाही. आणि अख्खी प्रत काढायच्या आधी तीनच पानं छापा: सगळ्यात बारीक रेघांचं, सगळ्यात गडद रेंडरचं, सगळ्यात छोट्या अक्षरांचं. ती हातात धरून, जेवढ्या अंतरावर पुस्तक धरतो तेवढ्याच अंतरावरून बघा. माझ्या दुसऱ्या पोर्टफोलिओत गडद रेंडर छापून इतका काळा आला होता की आतली माणसंच गायब, तीन पानांच्या चाचणीत कळलं म्हणून तीसही पानं वाचली.

फाइलच्या नावात तुमचं नाव, पोर्टफोलिओ हा शब्द आणि वर्ष. "फायनल_फायनल२" नावाची फाइल दुसऱ्याच्या डाउनलोड्समध्ये हरवते. इनडिझाइनमधून पॅकेज करून फॉन्ट आणि लिंक्ससकट सगळं दुसऱ्या डिस्कवर ठेवा, सहा महिन्यांनी एक प्रोजेक्ट बदलायचा असतो तेव्हा निम्म्या इमेजेस सापडत नाहीत.

पाठवायच्या आधी अशा माणसाला द्या ज्याने यातला एकही प्रोजेक्ट बघितलेला नाही, शक्यतो डिझाइनशी संबंध नसलेल्या. प्रत त्याच्या हातात ठेवा आणि दहा मिनिटं तोंड उघडू नका, फार जड जातं पण नका. कुठल्या पानावर तो थांबतो, कुठे पान मागे उलटून काहीतरी शोधतो, कुठे पान डोळ्यांजवळ नेतो, ते पेन्सिलीने टिपून घ्या. मग प्रत्येक प्रोजेक्ट कशाबद्दल होता ते त्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावा आणि तुमच्या त्या एका वाक्याशी ताडून बघा, जिथे जुळत नाही त्या प्रोजेक्टची पानं परत उघडा.